आयासची लाज : सोफोक्लीझच्या एका शोकात्मिकेचा शब्दविचार

सोफोक्लीझच्या आज उपलब्ध असलेल्या सात शोकात्मिकांपैकी 'आयास' ही रचनेच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची होय. नाटकाच्या एकूण ओळी १,४२०. त्यांपैकी ८६५व्या ओळीशी नायक आपल्याच तलवारीवर पडून प्राण देतो. पुढील साडेपाचशे ओळींत त्याचे प्रेत रंगभूमीवर पडून असते आणि ते पुरावे की समुद्रपक्ष्यांसाठी वाळूवर टाकून द्यावे, यावर जिवंत माणसे हमरीतुमरीवर येतात. या भांडणाला नायकाच्या भाषणांची उंची नाही. कोण कोणाच्या पोटी जन्मला, कोण धनुर्धारी म्हणून हलका, कोणाची आई बटीक, इथपर्यंत ते घसरते. एका प्राचीन ग्रीक भाष्यकाराने आपल्या टीपेत कवीला त्याबद्दल दोषही दिला आहे. नाटक लांबविण्याच्या इच्छेने कवी येथे थंड पडला आणि त्याने करुणरस विरघळवून टाकला, असा त्याचा आशय. विसाव्या शतकातील टीकाकारांनी या रचनेला 'जोडचित्र' असे सौम्य नाव दिले, पण दोन चित्रे जोडणारी बिजागरी कोणती, हा प्रश्न त्या नावाने सुटत नाही.

ती बिजागरी नाटकातील शब्दांतच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मान आणि लाज यांविषयीचे ग्रीक शब्द या नाटकात कोण, कोणाला उद्देशून आणि कोणत्या क्षणी उच्चारतो, हे नीट पाहिले तर मृत्यूनंतरचा भाग शेपटासारखा लोंबत राहत नाही. नायकाला जे स्वतःच्या हातांनी साधत नाही ते त्या भागात दुसऱ्याच्या तोंडून साधले जाते.

कथानक थोडक्यात असे. अकिलीझ पडल्यावर त्याची शस्त्रे सर्वश्रेष्ठ वीराला द्यावयाची ठरते. आयास स्वतःला तसा वीर मानतो. परंतु निवाडा ओडिसियसच्या बाजूने लागतो. संतापलेला आयास रात्री आगामेम्नॉन, मेनेलाउस आणि ओडिसियस यांना ठार मारण्यासाठी निघतो. अथेना देवी त्याची दृष्टी भ्रमिष्ट करते आणि तो शत्रू समजून लुटीतील गुरे-मेंढरे व त्यांचे राखणदार कापीत सुटतो. पहाटे तो शुद्धीवर येतो तो रक्तात माखलेल्या जनावरांच्या ढिगात.

नायकाचे नाव इंग्रजीमार्गे आपल्याकडे 'एजॅक्स' असे आले असले तरी मूळ ग्रीक उच्चाराला 'आयास' हेच रूप अधिक जवळचे आहे. मराठीतही 'आयास' म्हणजे कष्ट, शीण. हे साम्य केवळ ध्वनीचे आहे आणि त्यावर कोणी व्युत्पत्तीचा इमला उभारू नये. ग्रीकांनी मात्र हा खेळ स्वतःच केला आहे. पिंडारच्या एका विजयगीतात तेलामोनच्या भावी पुत्रासाठी हेराक्लीझ प्रार्थना करतो, झ्यूस गरुड पाठवितो आणि 'आइएतोस' म्हणजे गरुड या शब्दावरून मुलाचे नाव ठरते. सोफोक्लीझचा आयास शुद्धीवर आल्यावर त्याच नावाचा दुसराच उलगडा करतो. 'आइआइ' हा ग्रीकांचा विलापाचा उद्गार. आपले नाव आपल्या दुर्दशेला इतके चपखल बसेल असे कोणाला वाटले असते, असे तो विचारतो. एकाच नावात जन्माच्या वेळी गरुड ऐकू येतो आणि पतनाच्या वेळी आक्रोश. नाव बदललेले नाही. ते ज्या कानांनी ऐकले जाते ते कान बदलले आहेत. मानाचेही नेमके हेच होते.

ग्रीकात मानाला शब्द 'तिमे'. 'तिमे' म्हणजे आदर, आणि 'तिमे' म्हणजे किंमतही. अथेन्सच्या न्यायालयात अपराध्याला जी शिक्षा ठरवावयाची तिच्या आकारणीलाही याच शब्दापासून साधलेला 'तिमेमा' हा शब्द होता. 'त्याची किंमत राहिली नाही' असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा याच अर्थवलयात असतो. किंमत वस्तूच्या अंगी चिकटलेली नसते. घेणारा व देणारा यांच्या बोलण्यात ती ठरते. होमरच्या वीरांचा मान असाच दृश्य व मोजता येण्याजोगा होता. लुटीतील वाटा, मेजवानीतील मांसाचा मोठा तुकडा, सभेतील आसन. म्हणून अकिलीझची शस्त्रे न मिळणे ही आयासच्या दृष्टीने बक्षीस हुकण्याची बाब नाही. त्याची किंमत चारचौघांत उतरविली गेली आहे. या शब्दाला नकारार्थी उपसर्ग लागून 'अतिमोस' होतो. शुद्धीवर आल्यानंतर आयास स्वतःला दोनदा या शब्दाने संबोधतो. अथेन्सच्या प्रेक्षकाला हा शब्द केवळ काव्यातला नव्हता. ज्याचे नागरी हक्क काढून घेतले गेले, ज्याला सभेत बोलता येत नाही आणि न्यायालयात दाद मागता येत नाही, तो कायद्याच्या भाषेत 'अतिमोस'. म्हणजे ज्याचे तोंड सार्वजनिक रीत्या बंद केले आहे असा माणूस. आयास आपण 'अतिमोस' होऊन 'पडलो आहोत' असे म्हणतो तेव्हा त्याने वापरलेले 'प्रोकेइमाइ' हे क्रियापद प्रेत दर्शनासाठी मांडून ठेवण्याच्या प्रसंगीही ग्रीकात वापरले जाते. तलवार उपसण्यापूर्वी चारशेहून अधिक ओळी आधी व्याकरणाने त्याला प्रेतवत केलेले आहे.

मानाची उलटी बाजू या नाटकात शिवी नव्हे, मार नव्हे, तर हसणे ही आहे. 'गेलोस' म्हणजे हास्य. हा शब्द व त्याची क्रियापदे सुरुवातीपासून शेवटच्या टप्प्यापर्यंत पुनःपुन्हा येतात. प्रारंभीच अथेना ओडिसियसला वेड्या आयासचे दर्शन घडविते आणि शत्रूला हसण्याइतके गोड हसणे दुसरे कोणते, अशा अर्थाचा प्रश्न विचारते. आयास हातात चाबूक घेऊन बाहेर येतो, आत बांधून ठेवलेल्या ओडिसियसला आपण फटकावणार म्हणून फुशारकी मारतो, आणि खरा ओडिसियस बाजूला उभा राहून ते ऐकतो. ग्रीक नीतीच्या रूढ सूत्राप्रमाणे मित्रांचे हित करावे व शत्रूंचे अहित करावे. त्या सूत्राप्रमाणे ओडिसियसने येथे पोटभर हसावयास हवे होते. तो हसत नाही. हा माझा शत्रू असला तरी मला याची कीव येते, कारण याच्यापेक्षा मला माझेच प्राक्तन यात दिसते, आणि जिवंत माणसे सावल्यांहून अधिक काही नाहीत, असा त्याच्या उत्तराचा भाव आहे.

हे उत्तर प्रेक्षकांनी ऐकले आहे, आयासने ऐकलेले नाही. या एका गोष्टीवर नाटकाची सारी उभारणी आहे, आणि तिच्याकडे द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही. आयास शुद्धीवर आल्यावर ओडिसियस आता किती मोठ्याने हसत असेल, हा विचार त्याला कुरतडतो. त्याच्या मृत्यूनंतर सलामिसच्या खलाशांचा कोरसही हेच धरून चालतो की तो माणूस मनातल्या मनात हसत असणार. ज्या एका माणसाच्या हसण्याची धास्ती नायकाला जगू देत नाही, तो माणूस हसलेलाच नाही. आयासची लाज खरी आहे. तिचे कारण मात्र अंशतः त्याच्या कल्पनेत आहे. रात्री त्याने मेंढरे पाहून शत्रू कल्पिले. सकाळी, पूर्ण शुद्धीत, तो ऐकू न आलेले हसणे ऐकतो.

लाज आणि अपराधभाव यांचा भेद येथे उपस्थित होतो. रूथ बेनेडिक्ट यांनी जपानवरील १९४६ सालच्या ग्रंथात लज्जाप्रधान व अपराधप्रधान अशा दोन संस्कृतिप्रकारांची चर्चा केली आणि ई. आर. डॉड्स यांनी १९५१ साली ती परिभाषा ग्रीकांना लावली. होमरचे जग लज्जेचे, पुढचे जग अपराधाचे, असा एक प्रवास त्यांनी रेखाटला. आयास वरकरणी पहिल्या प्रकारचा शुद्ध नमुना वाटतो. आपण सेनापतींच्या खुनाचा बेत केला याचा त्याला यत्किंचितही पश्चात्ताप नाही. बेत फसला आणि तो हास्यास्पद रीतीने फसला, एवढेच त्याचे दुःख. मरतानाही तो शत्रूंना शापच देतो. तथापि या विभागणीने नाटकाचा अर्थ लागतो असे मानणे घाईचे होईल. 'जनाची नाही तर मनाची तरी लाज धरावी' असे मराठी माणूस सहज म्हणतो आणि दोहोंना एकच शब्द वापरतो. जन आणि मन ही लाजेची दोन ठिकाणे असतील, पण त्यांच्यामध्ये भिंत नाही. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९९३ साली ग्रीकांच्या लज्जेवर लिहिताना, लाजणारा माणूस ज्याच्यापुढे लाजतो तो प्रेक्षक त्याने आपल्या आतच घेतलेला असतो, हे आयासच्याच उदाहरणाने दाखविले आहे. ते अधिक सूक्ष्म आहे. आयासला कोणाच्याही हसण्याची लाज वाटत नाही. ज्यांच्या मताला त्याच्या लेखी वजन आहे अशांपुढे ती वाटते.

अशांमध्ये पहिला त्याचा पिता तेलामोन. याच त्रोयच्या भूमीवरून तो पूर्वी सैन्यातील सर्वोच्च पारितोषिक घेऊन घरी परतला होता. रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे उभे राहताना त्याला कोणते डोळे दाखवू, असे आयास विचारतो. सोफोक्लीझच्याच 'राजा ईडिपस' या नाटकात डोळे फोडून घेतलेला राजा जवळजवळ याच वाक्याने आपल्या कृत्याचे समर्थन करतो. मृतांच्या लोकात गेल्यावर पित्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिले असते, असे तो म्हणतो. मराठीत आपण अशा वेळी 'कोणत्या तोंडाने जाऊ' असे म्हणतो. लाजेचे स्थान आपल्या भाषेने तोंडात मानले, ग्रीकाने डोळ्यांत. अनुवादकाने येथे बेधडक 'तोंड' लिहावे. मात्र ईडिपसचे आंधळेपण त्यामुळे एका दुव्याला मुकते, हे त्याने जाणून असावे.

येथवर जी लाज पाहिली तिला ग्रीकात 'आइस्ख्युने' म्हणतात. 'आइस्ख्रोस' म्हणजे कुरूप, लाजिरवाणे, यापासून हा शब्द आला. घडून गेलेल्या गोष्टीचा तो डाग. दुसरा शब्द 'आइदोस'. व्यवहारात दोहोंची सरमिसळ होते. तथापि 'आइदोस' हा प्रायः पुढे पाहणारा शब्द आहे. कृत्य घडण्यापूर्वी जो संकोच हात धरतो तो 'आइदोस'. शिवाय त्याच्या क्रियापदाला व्यक्ती हे कर्म लागते. अमक्याला 'आइदोस' करणे म्हणजे त्याच्यापुढे लाजणे आणि त्याचा आदर ठेवणे, दोन्ही. मराठीत याला 'लज्जा' हा संस्कृत शब्द पुरत नाही. त्यात स्त्रीच्या लाजण्याची छटा फार. 'भीड' हा शब्द जवळ येतो. वडीलधाऱ्यांची भीड बाळगणे, भीड घालणे, भिडेखातर करणे या प्रयोगांत दोन माणसांमधील धागा दिसतो. आणि 'लोकांची लाज धर' या वाक्यातील षष्ठीही तोच धागा दाखविते, जरी 'भावाची लाज वाटते' या वाक्यात तीच षष्ठी लाजेचे कारण दाखवून जाते. भाषा एका विभक्तीत दोन नाती कोंबते. ऐकणाऱ्याने ती प्रसंगाने ओळखावयाची.

हा दुसरा शब्द नाटकात आणते ती तेक्मेस्सा. ती भाल्याने जिंकून आणलेली दासी, आयासची शय्यासंगिनी आणि त्याच्या मुलाची आई. जगायचे तर मानाने, नाही तर मरायचे मानाने, या आयासच्या घोषणेनंतर ती जे भाषण करते ते या नाटकातील सर्वांत विचारपूर्ण भाषण आहे. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात हेक्टर आणि अँड्रोमाकी यांच्या निरोपाचा प्रसंग प्रत्येक ग्रीक प्रेक्षकाला पाठ होता. तेथे हेक्टर आपल्याला त्रोयवासीयांची 'आइदोस' वाटते म्हणून लढावयास जातो आणि आपल्या मागे पत्नी दासी झाल्यावर तिच्याकडे पाहून कोणीतरी काय म्हणेल ते बोलून दाखवितो. सोफोक्लीझने हे 'कोणीतरी म्हणेल' पतीच्या तोंडून काढून पत्नीच्या तोंडी घातले आहे. तू मेलास की कोणीतरी मला टोचून बोलेल, पाहा ही आयासची सोबतीण, केवढ्या वैभवातून कोणत्या चाकरीत आली, आणि ते बोल तुला व तुझ्या कुळाला लाजिरवाणे ठरतील. मग ती म्हाताऱ्या पित्याची, मातेची 'आइदोस' बाळगावयास सांगते. ज्या आईबापांपुढे उभे राहण्याची लाज वाटते म्हणून आयास मरू पाहतो, त्यांचीच लाज धरून त्याने जगावे, असा हा युक्तिवाद आहे. तेक्मेस्सा मानाच्या जगाबाहेरचे काही मागत नाही. ती आयासच्याच शब्दाचा दुसरा अर्थ त्याच्यापुढे ठेवते. भाषणाच्या शेवटी तर 'कुलीन' या शब्दाचीच ती फेरव्याख्या करते : उपकाराची आठवण ज्याच्या हातून निसटते तो कुलीन नव्हे. आयासचे उत्तर तुटक आहे. ती आज्ञा पाळील तर तिची स्तुती होईल, एवढेच. दासीला किंमत ठरविण्याचा अधिकार नाही.

मुलाला मात्र तो जवळ घेतो. त्याचे नाव एउरिसाकेस, म्हणजे विशाल ढालीचा. होमरच्या काव्यात बुरुजासारखी ढाल ही आयासची खूण आहे. ती ढाल तो मुलाला देतो. बाकीची शस्त्रे आपल्याबरोबर पुरावीत असे सांगतो. वीराने पुत्राला नावच आपल्या शस्त्राचे ठेवले होते.

यानंतरचे आयासचे भाषण टीकाकारांमध्ये आजही वादाचे आहे. तो तंबूतून बाहेर येतो तो हातात तलवार घेऊन, आणि सौम्य सुरात. दीर्घ काळ सारे उघडे करतो व पुन्हा झाकतो. हिवाळा उन्हाळ्याला वाट देतो, रात्र दिवसाला. मग आपणही नमते का घेऊ नये? पत्नीच्या शब्दांनी आपले 'स्तोमा' स्त्रीसारखे मऊ झाले, असे तो म्हणतो. 'स्तोमा' म्हणजे तोंड, आणि 'स्तोमा' म्हणजे शस्त्राची धारही. बोलणे मऊ झाले आणि धार बोथट झाली, हे एकाच शब्दात आहे. कोरस आणि तेक्मेस्सा आनंदतात. ती दोघेही फसतात. काही टीकाकारांनी हे सरळ कपट मानले. काहींनी मनपरिवर्तन, जे नंतर पालटते. दोन्ही मते भाषणातील एका क्रियापदयुग्मापाशी अडखळतात. देवांपुढे नमावे आणि राजांविषयी पूज्यभाव धरावा असे शिकेन, असे आयास म्हणतो. ग्रीकात स्वाभाविक योजना याच्या उलट आहे : पूज्यभाव देवांविषयी, नमणे राजांपुढे. क्रियापदांची ही अदलाबदल प्राचीन भाष्यकाराच्याही ध्यानात आली होती. जो माणूस बदलत्या जगाचे नियम इतक्या स्पष्टपणे मांडतो त्याची जीभ नेमकी 'राजे' या शब्दापाशी वाकडी होते. त्याला नियम समजले आहेत. ते पाळणे त्याला जमणार नाही. कपट असेलच तर ते श्रोत्यांशी आहे, स्वतःशी नाही.

देवीचा कोप कशामुळे, याचा खुलासा दूत नंतर करतो. घर सोडताना पित्याने देवांच्या साह्याने जिंक असे सांगितले, तेव्हा देवांच्या मदतीने क्षुद्र माणूसही जिंकतो, आपण त्यांच्यावाचून जिंकू, असे आयास म्हणाला होता. रणात अथेना पाठीशी आली तेव्हा तिला इतरांकडे जावयास त्याने सांगितले. यावरून गर्वाचे घर खाली अशी बोधकथा रचण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पाठ्यपुस्तकांत आरिस्टॉटलच्या 'हामार्तिया' या शब्दाला 'स्वभावदोष' हा अर्थ चिकटवून हे काम अधिकच सोपे केले जाते. परंतु त्याच दूताच्या सांगण्याप्रमाणे देवीचा कोप केवळ त्या एका दिवसापुरता आहे. सूर्यास्तापर्यंत आयासला तंबूत ठेवता आले तर तो वाचेल. जी शिक्षा संध्याकाळी संपणार होती ती नायकाच्या मृत्यूचे पुरेसे कारण कशी? आरिस्टॉटलचा अधिक उपयोगी उल्लेख 'काव्यशास्त्रा'त नाही, तर्कशास्त्रावरील ग्रंथात आहे. व्याख्या कशी करावी याचे उदाहरण म्हणून तो 'थोर मनाचा' हा शब्द घेतो आणि आल्किबियाडीझ, अकिलीझ व आयास यांच्यात समान काय, असे विचारतो. अपमान न साहणे, हे त्याचे उत्तर. त्यापायी एकाने युद्ध केले, एक रुसला, एकाने जीव दिला. लिसांडर व सॉक्रेटीस यांची थोरवी त्याला वेगळ्या जातीची वाटते, कारण ते भाग्याच्या चढउतारांत सारखेच राहिले. दोहोंत समान काही सापडले नाही तर हा एक शब्द नसून दोन आहेत असे समजावे, असा त्याचा निष्कर्ष. कोशकाराला याहून चांगला धडा मिळणे कठीण.

आयास मरतो ती तलवार हेक्टरची. 'इलियड'च्या सातव्या सर्गात दोघे लढून अनिर्णित राहिले, तेव्हा हेक्टरने तलवार दिली व आयासने कमरपट्टा. शत्रूचा मान ठेवण्याचा तो प्रसंग होता. आता शत्रूची देणगी ही देणगीच नव्हे, असे आयास म्हणतो आणि तिची मूठ शत्रूच्याच भूमीत रोवतो. मित्रही नाही, शत्रूही नाही, ज्याच्याकडून मान घ्यावा असे कोणी उरले नाही, म्हणून तो एकट्याने आपली किंमत ठरवू पाहतो. शोकात्मिकांत मृत्यू बहुधा दूताच्या तोंडून कळतो. येथे कोरसही रंगभूमी सोडून जातो आणि नायक संपूर्ण एकटा राहतो. उद्देश स्पष्ट आहे. पण एकट्याने ठरविलेली किंमत किंमत ठरत नाही, हे पुढील साडेपाचशे ओळी दाखवितात.

मृत्यूने आयास 'अतिमोस' पणातून सुटत नाही. मेनेलाउस येतो आणि प्रेताला हात लावू नये असे बजावतो. त्याच्या भाषणात लाजेचे दोन्ही शब्द येतात, आणि येतात ते भीतीच्या जोडीने. नगराचे कायदे भीतीवाचून चालत नाहीत. सैन्य भय व 'आइदोस' यांच्या आडोशावाचून आवरत नाही. ज्याला भीती आणि 'आइस्ख्युने' आहे तो सुरक्षित. तेक्मेस्साने जो शब्द आईबाप आणि मूल यांच्यासाठी योजला तो येथे शिस्तीचे हत्यार झाला आहे. दोन शब्दांमधील सूक्ष्म भेद मेनेलाउसला ठाऊक नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ एकच : वरच्याला भिणे. युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. ज्या नगरीत हे नाटक झाले तेथेही कायद्याच्या धाकाविषयी कोणी वेगळे बोलले नसते. बोलणारा माणूस एका प्रेतावर ते सिद्ध करू पाहतो, एवढाच त्यातला किळसवाणा भाग. आयासचा सावत्र भाऊ तेउक्रोस त्याला तोडीस तोड उत्तर देतो. आगामेम्नॉन येऊन तेउक्रोसची आई काढतो, तेउक्रोस आगामेम्नॉनचे घराणे काढतो. प्राचीन भाष्यकाराला या शिवीगाळीचा वीट आला हे समजण्याजोगे आहे. पण मान हा बोलण्यात राहतो असे एकदा मान्य केले, की बोलणे किती स्वस्त होऊ शकते हेही दिसावयास हवे. आणि ही सारी शाब्दिक लढाई चालू असता मूल एउरिसाकेस बापाच्या प्रेताला हात लावून शरणागतासारखे बसलेले आहे. त्याच्या हाती तेउक्रोसने केसांच्या बटा दिल्या आहेत.

अशा वेळी ओडिसियस येतो. कोणाचीच अपेक्षा नसताना तो आगामेम्नॉनला थांबवितो. हा माणूस माझा सर्वांत मोठा वैरी होता, तरी अकिलीझनंतर आपल्यांत याच्याइतका श्रेष्ठ कोणी नव्हता, याचा अनादर करणे म्हणजे देवांचे नियम मोडणे, असा त्याचा पक्ष. 'अनादर करणे' यासाठी येथे जे क्रियापद येते ते 'अतिमोस' याच कुळातले आहे. ज्या शब्दाने आयासने स्वतःचे वर्णन केले होते त्याचा निषेध आता त्याचा शत्रू करतो. आयासला आयुष्यभर जे वाक्य ऐकावयाचे होते, तू अकिलीझनंतर श्रेष्ठ आहेस, ते शेवटी उच्चारले जाते. उच्चारतो तो ज्याने शस्त्रे नेली तोच, आणि ऐकणारा आयास नाही. मराठीत 'लाज राखणे' असा प्रयोग आहे, आणि तो प्रायः दुसऱ्याच्या संदर्भात होतो. कोणीतरी कोणाची तरी लाज राखतो. आयासने ती एकट्याने राखू पाहिली. ती राखली गेली ओडिसियसकडून.

ओडिसियसला उदार मानवतावादी ठरविण्याची घाई मात्र करू नये. आगामेम्नॉन त्याला टोमणा मारतो की शेवटी प्रत्येक जण स्वतःसाठीच झटतो. ओडिसियस ते नाकारीत नाही. मलाही एक दिवस पुरले जाण्याची गरज पडणार, स्वतःसाठी नाही तर कोणासाठी झटू, असा त्याचा रोख आहे. प्रारंभी वेड्या शत्रूत त्याला जे स्वतःचे प्राक्तन दिसले, तेच येथे बोलते. ही करुणा आहे, पण ती हिशेबी माणसाची करुणा आहे, आणि म्हणूनच विश्वसनीय. आगामेम्नॉन तर शेवटपर्यंत पटवून घेत नाही. मित्राच्या भिडेखातर तो बाजूला होतो, इतकेच.

अथेन्सच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने हा निवाडा पुराणातला नव्हता. क्लेइस्थेनीझने इ. स. पू. ५०८ च्या सुमारास नागरिकांच्या दहा जमाती पाडल्या, त्यांपैकी एकीला आयासचे नाव होते. तो परका असूनही शेजारी व सहायक म्हणून त्याला त्यांत घेतले गेले, असे हेरोडोटस नोंदवितो. इ. स. पू. ४८० मध्ये सलामिसच्या लढाईपूर्वी ग्रीकांनी साह्यासाठी आयासला आवाहन केले आणि विजयानंतर जिंकलेले एक जहाज त्याला अर्पण केले. प्रेक्षागृहात बसलेल्या अनेकांची जमात आयासचीच होती. ज्याच्या नावाने मतदान करावयाचे त्याचे प्रेत पुरले जाईल की नाही, हे ते पाहत होते. पराक्रमी पण असह्य, सेनापतींवर शस्त्र उपसणारा हा माणूस नगरीत कसा सामावून घ्यावयाचा? एकामागून एक भांडखोर भाषणांतून, म्हणजे अथेन्समध्ये कोणतीही गोष्ट जशी ठरत असे तशीच, त्याचे उत्तर येते.

तरीही सोफोक्लीझ समेट पुरा होऊ देत नाही. ओडिसियस पुरण्याच्या कामात हात लावू इच्छितो. तेउक्रोस त्याची स्तुती करतो, तू एकटाच पाठीशी उभा राहिलास म्हणतो, आणि तरी प्रेताला स्पर्श करू देत नाही. मृताला ते आवडणार नाही, अशी त्याला धास्ती आहे. ही धास्ती निराधार नव्हती. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकी ओडिसियस आयासच्या छायेला पाहतो, शस्त्रांचा तो निवाडा आपण जिंकलो नसतो तर बरे झाले असते असे म्हणतो, समजूत घालतो. आयास एक शब्दही न बोलता काळोखात निघून जातो. हे सर्व श्रोत्यांना माहीत होते. ओडिसियस तेउक्रोसचा नकार मान्य करतो आणि जातो. मग तेउक्रोस कामे वाटून देतो. कोणी खड्डा खणावा, कोणी स्नानासाठी तिवईवर पाणी तापवावे, कोणी तंबूतून चिलखत आणावे. मुलाला तो सांगतो की तुझ्या अंगात असेल तेवढ्या बळाने, जपून, बापाला माझ्याबरोबर उचल. त्याच्या शिरा अजून गरम आहेत आणि त्यांतून काळे रक्त वर येत आहे.